सातव्या मालिकेतला डोंगर

मी एक जुनी लाकडी जमीन आहे. मित्रांनो, जेजू बेटावरच्या एका कोळीवाड्यात तायक्वांदोची शाळा आहे, तिथे माझं वास्तव्य. सुतारांनी पाईनच्या फळ्यांवर रंधा मारून मला बसवलं, त्याला आता छत्तीस वर्षं झाली.

माझ्यावर मुलं पुमसे करतात. पुमसे म्हणजे ठोसे, लाथा आणि बचाव यांची ठरलेली मालिका. पहिल्या आठ मालिकांना एकेक अर्थ आहे: आकाश, तळं, अग्नी, गडगडाट, वारा, पाणी, डोंगर आणि धरती. हजारो पावलांनी मला ते शिकवले.

तीन वर्षांपूर्वी बू मल-सून आजी आल्या. पन्नास वर्षं समुद्रात बुड्या मारून त्यांनी शंख-शिंपले काढले होते. मग कान बिघडले, डॉक्टरांनी बुडी बंद केली. घरी बसवेना, म्हणून नातवंडांच्या वयाच्या मुलांत येऊन उभ्या राहिल्या.

सहावी मालिका आली तेव्हा त्या खो-खो हसल्या. "मास्तर, पाण्याचं तुम्ही मला काय शिकवणार?"

खरंच, ती मालिका त्यांनी आठवड्यात उचलली. गाडी अडली ती सातवीत, डोंगरात. तिथे पाय जुळवून, मूठ दुसऱ्या तळहातात धरून सावकाश वर आणायची आणि थांबायचं. आजींना थांबता येईना.

"आजी, बस चुकतेय का तुमची?" यांग मास्तर म्हणायचे.

"नुसतं उभं राहून शत्रू पळतो होय?"

दोनदा त्या परीक्षेत नापास झाल्या. दुसऱ्यांदा माझ्यावर फतकल मारून बसल्या. "आता नापास झाले, तर या पांढऱ्या पोशाखाचं पोतेरं करीन!"

मास्तर शेजारी टेकले. "आजी, समुद्राच्या तळाशी मोठा शिंपला दिसतोय आणि दम संपत आलाय. काय करता?"

"सोडते आणि वर येते. उगाच का पन्नास वर्षं जिवंत राहिले?"

"मग तोच हा डोंगर. कुठे थांबायचं, ते ओळखायचं."

आजी मास्तरांच्या पाठीत धपाटा घालून म्हणाल्या, "मेल्या, हे आधी नाही सांगायचं?"

परीक्षेच्या दिवशी त्यांच्या बुड्या मारणाऱ्या साऱ्या मैत्रिणी समुद्रावरून थेट आल्या आणि ओल्या केसांनी दारात उभ्या राहिल्या. आजींनी मूठ तळहातात धरली, वर आणली आणि थांबल्या. त्यांच्या तळव्यांचा तो निश्चल भार मी अजून विसरलेले नाही. मालिका संपली आणि बुडीतून वर आल्यावर सोडतात तशी लांब शीळ त्यांच्या तोंडून निघाली. दारातून नऊ जणींनी शीळ घालून उत्तर दिलं. परीक्षकही हसू आवरू शकले नाहीत. आजी उत्तीर्ण झाल्या!

मित्रांनो, माझ्या कडा झिजल्या आहेत, दोन फळ्या कुरकुरतात. मला रोज पुसा, चपला बाहेर काढा. आणि कोणाला एखादी हालचाल शिकवाल, तेव्हा तिचा अर्थही त्याच्या ओळखीच्या शब्दांत सांगा. आजी सध्या आठवी मालिका शिकताहेत. ती धरतीची, म्हणजे जवळजवळ माझीच. त्यामुळे मी फार खुशीत आहे.