पालथी अक्षरं

बनूबाईच्या थोरल्या अंजनाचं लग्न झालं ते सत्याऐंशी साल. त्याच उन्हाळ्यात धाकटी शालन विठ्ठलवाडीच्या चाळीत दाराच्या बाहेरच्या अंगाला खडूनं इंग्रजी उच्चारांच्या खुणा काढत होती. घरात फळा नव्हता. सोमवारी तिचा डी.एड.चा पेपर होता. शब्द ऐकायचा आणि तो या खुणांत उतरवायचा.

"ही ई पालथी का पडलीय गं?" बनूबाईनं विचारलं. ती स्वतः चाळिशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलेली.

"पालथीच असते, आई. निसटता अ आहे तो. 'अबाउट' म्हण."

"अबाउट."

"फार जोर देतेस."

"एवढ्या कष्टानं मिळालाय अ. जोरानंच म्हणणार."

शालन हसली. तेवढ्यात समोरच्या खोलीतली द्रौपदी नातवाला खांद्यावर टाकून आली. दीड वर्षाचा मधू दोन दिवस तापानं फणफणत होता.

"बनू, ते पूस."

"काय?"

"उलटी अक्षरं. करणी करणारा बी असंच उलटं काढतो. पोराचा ताप हटंना."

"अगं, इंग्रजी हाय ते."

"इंग्रजी मीबी बघते पावडरीच्या डब्यावर. ते सरळ असतं."

शालन फडकं घेऊन उठली. "पुसते मी, काकू. माझं झालंय पाठ."

झालं नव्हतं. बनूबाईला ते ठाऊक होतं.

"हात लावू नको," ती लेकीला म्हणाली. "द्रौपदे, दवाखान्यात ने त्याला. मी येते संगं."

"आधी पूस. हे दारात असताना कुठली सुई लागू पडायची?"

"छप्पन साली देव सोडले आम्ही. आता तुझ्या भुताला भिऊन अक्षर पुसू?"

द्रौपदीनं आत जाऊन कडी लावली.

दिवसभर पोराचं रडणं ऐकू येत राहिलं. बनूबाईचं कामात चित्त नव्हतं. दिवेलागणीला रडणं थांबलं, तशी ती उठली, ओल्या फडक्यानं सगळं दार पुसून काढलं आणि समोरची कडी वाजवली.

"पुसलं गं. चल."

द्रौपदीनं आधी दार पाहिलं, मग पोराला गोधडीत गुंडाळलं. रिक्षात मधूचे पाय बनूबाईच्या मांडीवर होते. ती ते चोळत राहिली. ते ऊन होईनात.

"सकाळीच का नाही आणलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुखवट्याच्या घरी बनूबाईनं पिठलं-भात नेला. द्रौपदीनं चार घास खाल्ले, ताट घासून आणून दिलं. पुढं दोघींनी बारा वर्षं एकाच नळावर पाणी भरलं, पण "बनू" अशी हाक पुन्हा आली नाही. शालन पास झाली, कात्रपच्या एका शाळेत लागली. आईनं पेढे वाटले; समोरच्या दारापाशी मात्र तिचा हात कडीपर्यंत गेला नाही.

द्रौपदीचा नातू मधू ११ एप्रिल १९८७ रोजी, शनिवारी, सरकारी दवाखान्यात वारला.