त्सुचिनोकोची जांभई

अखेर त्सुचिनोको सापडला.

छे, कुठला सापडतोय! काही घडलंच नाही. फक्त देवदारांच्या मरकतश्याम रांगांवर वसंताचं दमलेलं, मधुपिंगट ऊन उतरत होतं, आणि सत्तरी ओलांडलेला गेंपेइ गुडघ्यांची समजूत घालत डोंगर चढत होता.

त्सुचिनोको हा जपानच्या या डोंगरांतला दंतकथेचा सर्प. मान बारीक, शेपटी बारीक, मधे मात्र जेवून उठलेल्या जावयाचं पोट. चाळिशीत गेंपेइने तो एकदा पाहिला. गावाने गेंपेइचं नाव ठेवलं ‘थापाड्या’. मग दर वसंतात शोधमोहीम. एकतीस वसंत गेंपेइ पुढे, हशा मागे.

“आजोबा, यंदा निदान शेपटी तरी आणा हं!” ग्रामकचेरीतली मियुकी पायथ्याशीच म्हणाली होती.

आमिष ठरलेलं: भाजलेली सुकी माखली मासळी आणि पेलाभर साके, तांदळाची दारू. पाहुण्याआधी यजमानाने चव घ्यावी, ही रीत. गेंपेइ रीतीचा पक्का. एकतीस वसंत पाहुण्यापुढे रिकामा पेलाच मांडला गेला.

यंदा वैद्याने दारू बंद केली होती. यंदा पेला भरलेला राहिला.

आणि नेच्यांच्या हरितकंप झालरीतून तो आला. ताम्रवर्ण, तुंदिल, धापा टाकत. प्यायला. माखली हुंगून नाक मुरडलं. मग आपणहून गेंपेइच्या टोपलीत शिरला, आणि एका म्हाताऱ्याने दुसऱ्याकडे पाहावं तसं पाहून त्याने जांभई दिली. गुलाबी, पुरातन, युगायुगांच्या शिणाची जांभई.

“लेका, एकदा तरी लवकर यायचंस!” गेंपेइ पुटपुटला.

त्सुचिनोको घोरू लागला.

झाकण हातात होतं. झाकण लावलं, की नाव धुऊन निघणार. झाकण लावलं, की उद्या काचपेटी, पाटी, सहली, काचेवर टकटकणारी बोटं. आणि या जिवाला झोप नाही, कधीच नाही.

गेंपेइने टोपली आडवी केली. ते निद्रिस्त पोट गडगडत, गडगडत हिरव्या सावल्यांत विरून गेलं.

“काय आजोबा, दिसला का?” खाली मियुकीने विचारलं.

“वर माशा फार आहेत,” गेंपेइ म्हणाला.

हशा पिकला. गेंपेइने तो नेहमीसारखा अंगावर घेतला, आणि मोहिमेनंतर भरायचा कचेरीचा अर्ज गुडघ्यावर ठेवून भरला:

“आढळ: निरंक. सबब विनंती की, सदर डोंगर यापुढे कोणीही शोधू नये. उन्हाने पाय न वाजवता यावे, वाऱ्याने नेचे चाळवू नयेत, आणि पुढील आदेश होईपर्यंत धुके उचलण्यात येऊ नये.”