खंजिराचे पाणी

सेरंताउ नदीच्या मुखाशी रापियाचे कथील भरलेले गलबत लुटले गेले आणि तिचा एकुलता एक मुलगा देरामान तिसऱ्या दिवशी खारफुटीच्या मुळांत अडकलेला सापडला, त्याला दोन वर्षे लोटली होती. तो लुटारू, नदीमुखाचा सरदार पांग्लिमा जिदिन, आज राजाच्या सभेत रेशमी सारोंग नेसून ऐटीत बसला होता. ‘परक्या चाच्यांनी मारला,’ असे त्याने तेव्हा राजाला सांगितले होते.

गोऱ्या सरकारच्या वकिलाने तह वाचला: नदीमुखाच्या पांग्लिमाने यापुढे व्यापारी गलबतांना हात लावू नये, त्याचे मागचे सारे गुन्हे माफ.

“माफ?” रापिया उठली. “साहेब, पोर तुमचे नव्हते, म्हणून माफी इतकी स्वस्त!”

“बाई, नदी मोकळी झाली तर तुमचीच गलबते सुखरूप येतील.”

“म्हातारे, विडा चघळ आणि गप बस,” जिदिन हसला. “दात उरले असतील तर.”

“उरलेत रे. तुझ्यासाठीच राखलेत.” ती राजाकडे वळली. “तुआंकू, आपल्या खंजिराचे पाणी प्यायल्यावाचून इथे तह कधीपासून होऊ लागले? देरामानला परक्यांनी मारले, एवढे म्हणून याने प्यावे. मी लगेच तहावर साक्षीची मोहोर उठवते.”

राजाने आपला नागमोडी खंजीर वाडग्यात बुडवला. खोटे बोलून ते पाणी पिणाऱ्याची आतडी लोखंड खाते, हे साऱ्या सभेला ठाऊक होते.

“पाणीच ना? पिऊन टाका,” वकील कंटाळून म्हणाला.

जिदिनने वाडगा उचलला. ओठांशी नेला.  पण घोट न घेताच त्याने वाडगा खाली ठेवला.

राजाचा चेहरा काळवंडला. “माझ्याशी खोटे बोललास. आजपासून तू माझा पांग्लिमा नाहीस.”

“साहेब,” रापिया शांतपणे म्हणाली, “माफी कुणाला, ते पुन्हा वाचा.”

“नदीमुखाच्या... पांग्लिमाला.”

“आणि हा कोण?”

वकिलाने जिदिनकडे पाहिले, मग कागदाकडे. त्याला नदी हवी होती. माणूस कोणताही चालला असता. “नव्या पांग्लिमाचे नाव कळवा,” असे म्हणून त्याने शाई मागवली.

जिदिनचे वल्हेकरी एकेक करून पाठ फिरवून गेले. रापिया धक्क्यावर उतरली. देरामानचे जुने खलाशी कमरेच्या सुऱ्यांवर हात ठेवून उभे होते.

“घाई नको,” ती म्हणाली. “सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याला इथवर चालत येऊ द्या.”