शोधात न आलेलं पान

थोरला एका छापखान्यातले संगणक सांभाळायचा आणि घरी कपाटात स्वतःचा छोटा सर्व्हर चालवायचा. फोटो, कागदपत्रं, सगळं त्यावर. एकदा आईचे दवाखान्याचे रिपोर्ट कुणा परक्याला सर्च इंजिनात सापडले, तेव्हा त्याला घाम फुटला. बाहेरची प्रत्येक विनंती आधी प्रॉक्सीकडे, म्हणजे दारावरच्या रखवालदारासारख्या प्रोग्रामकडे येऊन मग आतल्या ॲपकडे जायची. त्या प्रॉक्सीतच त्याने एक हेडर, म्हणजे प्रत्येक पानासोबत सर्च इंजिनांना जाणारी न दिसणारी सूचना, टाकलं: इथलं काहीही शोधात दाखवू नका. एक ओळ, सर्व्हरवरच्या प्रत्येक पानाला लागू. त्याचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या वर्षी धाकटा बाबांशी कडाकडा भांडून घराबाहेर पडला. नंबर बदलला, पत्ता दिला नाही. बाबा आपल्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायचे, बोलणं मोजकंच. आठ महिन्यांनी ते थोरल्याला म्हणाले, "तुझ्या त्या मशीनवर माझे चार शब्द लिही. कुठेही असला तरी कधीतरी घरचं नाव शोधेलच तो."

थोरल्याने त्याच सर्व्हरवर नवीन पान केलं. बाबा सांगत गेले, तो टाइप करत गेला. *तू बरोबर होतास. दुकान तुझ्या गळ्यात मारायला नको होतं. ये.* खाली दुकानाचं नाव, धाकट्याचं लाडाचं नाव.

त्यानंतर रोज सकाळी, चष्मा पुसत, बाबा विचारायचे, "कुणी वाचलं का रे?"

"वाचत असेल, बाबा."

दोन वर्षं हेच चाललं. मग बाबा गेले.

महिनाभराने दुकानातला फोन वाजला. थोरला पसारा आवरत होता.

"बाबांना दे ना," पलीकडून धाकट्याचा आवाज आला.

थोरल्याने खुर्ची ओढली. "बाबा नाहीत रे आता."

धाकटा म्हणाला, "एकदा तरी शोधायचं होतंत मला."

"अरे, बाबांनी तुझ्यासाठी पान लिहिलं होतं!"

"कुठे? दर महिन्याला शोधायचो मी. दुकानाचं नाव, बाबांचं, माझं. काही म्हणजे काही यायचं नाही. म्हटलं, पुसून टाकलं आपल्याला."

थोरल्याने लॅपटॉप उघडला, पानाची हेडरं तपासली. ती ओळ तिथेच होती. आईचे रिपोर्ट झाकणारी, आणि बाबांचं पानही.

"माझी चूक आहे," तो म्हणाला. "मीच लपवलं ते. नकळत." त्याने पानाचा पत्ता पाठवला.

धाकट्याने पान उघडलं. मनातल्या मनात वाचत असावा. एकदम हुंदका आला आणि फोन बंद झाला.

थोरल्याने त्या एका पानापुरती ओळ काढली. आता काय उपयोग, हे कळत असूनही दोनदा तपासून पाहिलं.

रविवारी धाकटा आला. आईच्या मांडीत डोकं खुपसून लहान पोरासारखा रडला. थोरल्याशी बोलला नाही. पाणी दिलं तेवढं घेतलं.

तो गेल्यावर थोरल्याने आईला सगळं सांगितलं.

"मुद्दाम नाही केलंस तू," ती म्हणाली. "कळतंय मला. पण आज माझ्यासमोर बसू नकोस, बाळा."

तो उठून बाहेरच्या खोलीत गेला.