गुरुवारची मधली खुर्ची

नीरजाअक्कांचा रेडिओग्राम गेला तो ऐन गुरुवारी, भरल्या बैठकीत, आणि जाताना मुकाट्यानं गेला नाही. आधी दूध उतू जाताना होतो तसा फसफस आवाज झाला, मग मेण जळल्यासारखा वास आला, आणि त्याचा हिरवा डोळा हळूहळू मिटला. खुर्च्यांतली मंडळी एकमेकांकडे बघत राहिली. बैठकीतले जुने भीमाचार्य उठले, लाकडी पेटीवर तळहात ठेवून क्षणभर थांबले आणि म्हणाले, "गेला." जणू नाडीच बघितली.

मग त्याच दमात म्हणाले, "काही हरकत नाही. पुढची बैठक आमच्याकडे."

नीरजाअक्कांच्या हातातला कॉफीचा ट्रे तिथल्या तिथे थबकला.

जयनगरातल्या या घरात गुरुवारी संध्याकाळी गाणं ऐकायला माणसं जमायला लागली त्याला चाळीसवर वर्षं झाली. अक्कांचे यजमान रघुनंदनराव यांनी ती पद्धत घातली. येणारी सगळी जुनी बेंगळूरकर मराठी घरं. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं, की पुण्याचे पाहुणे आले की तोंडाला रुमाल लावून हसत. गाणं चालू असताना बोलायचं नाही आणि मध्यंतरात कॉफी, एवढेच नियम. बैठक दुसऱ्या कुणाकडे का नाही, हा प्रश्न कधी निघालाच नाही, कारण रेडिओ आणि तबकड्यांचं यंत्र एकाच पेटीत असलेला तो रेडिओग्राम कपाटाएवढा होता आणि तो हलवायला चार माणसं लागत. तो हलत नव्हता, म्हणून बैठकही हलत नव्हती.

आणि भीमाचार्यांना अक्का चांगल्या ओळखून होत्या. एके वर्षी घराचं रंगकाम काढलं होतं म्हणून रामनवमीचं पानक आणि कोसंबरी, म्हणजे गुळाचं पाणी आणि डाळीची कोशिंबीर, "या खेपेपुरती" त्यांच्याकडे गेली. ती आजतागायत परत आलेली नाही. रघुनंदनराव गेल्यापासून घरात बोलायला होता तो कुकर आणि एक तो गुरुवार. तोही गेला, तर उरलेले वार कशाला टेकून उभे राहणार?

"आता पितृपक्ष, मग नवरात्र. बैठकीला सुट्टीच आहे," ट्रे खाली ठेवत अक्का म्हणाल्या. "दसऱ्याला गुरुवार येतोय. बैठक दसऱ्याला, आणि इथंच."

"कशावर ऐकायचं? कुकरवर?" भीमाचार्यांनी विचारलं. "आमच्याकडे टीव्हीखाली नवा लांबडा साउंडबार आहे. भिंती हलतात."

"तुमच्या त्या लाटण्यावर गाणं ऐकण्यापेक्षा कुकर बरा, भीमण्णा," अक्का म्हणाल्या. सगळे हसले. अक्का मात्र आतून घाबरल्या होत्या.

*

अक्कांची भाची हर्षिता एचएसआर लेआउटला राहायची आणि लोकांच्या मुलाखतींचे आवाज साफसूफ करून द्यायचं काम करायची. तिनं फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"आत्या, तू पॉवर्ड स्टुडिओ मॉनिटर घे."

"म्हणजे काय गं?"

"स्टुडिओत गाणं तपासायला वापरतात ते स्पीकर. ॲम्प्लिफायर त्यांच्या पोटातच असतो. वायर लाव, फोन जोड, झालं."

"म्हणजे स्वयंपाकीण घरातच राहते म्हण की."

दोघी दुकानात गेल्या. दुकानदार दयानंद निपाणीकडचा, त्यामुळे मराठीचा प्रश्न नव्हता. त्यानं अक्कांना खुर्ची दिली आणि आधी एक चकचकीत, उंच जोडी लावली. तबल्यावर थाप पडली ती दारात लॉरी येऊन थांबल्यासारखी.

"कसं वाटलं अक्का?"

"छान आहे. लग्नाच्या हॉलला."

मग त्यानं दोन काळे, बुटके खोके पुढे सरकवले. अंगावर ना लाकूड, ना जाळी. खाली वाटीएवढा पडदा आणि वर रेशमाची एवढीशी घुमटी.

"ह्ये मॉनिटर बघा. ह्ये खोटं बोलत न्हाईत. गाणाऱ्याचा घसा बसला आसंल तर बसलेलाच ऐकवतील. म्हणून घरात लावाय लोकास्नी आवडत न्हाईत. ती उंच जोडी कसल्याबी गाण्याला साखर लावून देत्याय."

"हर्षिता, आपलं ते लाव," अक्का म्हणाल्या.

आपलं ते म्हणजे एक जुनी कॅसेट. धारवाडहून एक गाणाऱ्या बाई आल्या होत्या आणि अक्कांच्याच हॉलमध्ये पूरिया गायल्या होत्या. रघुनंदनरावांनी ते टेप केलं होतं. दर दसऱ्याला बैठकीत, टेपरेकॉर्डर रेडिओग्रामला जोडून, तेच लागायचं. हर्षितानं मागच्या वर्षी ते फोनवर उतरवून ठेवलं होतं.

उंच जोडीवर बाईंचा आवाज आला, गोड आणि भरदार, पाकात घोळल्यासारखा. अक्कांनी मान डोलावली. मग बुटक्या जोडीवर लावलं. आधी टेपची खरखर आली, आणि हर्षितानं तोंड वाकडं केलं. मग तानपुरा जुळवायला लागले. आणि त्याच्या मागे, बारीक, सावकाश, टक्... टक्... टक्...

अक्का खुर्चीत पुढे सरकल्या.

"हा आमचा फॅन!"

"काय?" दयानंदला कळेना.

"हॉलमधला जुना फॅन. दर फेऱ्याला टक् करायचा. आमचे हे दर रविवारी म्हणायचे, आज तेल घालतो. घातलं नाही कधी. मग तो फॅनच बदलला." अक्कांनी पुन्हा कान दिला. "रेडिओग्रामवर कधी ऐकू आला नाही हो! तो सगळ्यांवर पांघरूण घालायचा."

"त्या उंच जोडीवर पण नाही आला," हर्षिता म्हणाली.

"मग सरी, ठरलं. हीच बांधा."

"फॅनसाठी स्पीकर घेनारं पयलंच गिऱ्हाईक बघा तुम्ही," दयानंद खोकी उतरवत म्हणाला.

घरी येऊन हर्षितानं दोन तिपाया कानाच्या उंचीला लावल्या, त्यांवर स्पीकर मांडले आणि समोर एक खुर्ची ठेवली. "आत्या, दोन स्पीकर आणि ही खुर्ची, असा त्रिकोण व्हायला हवा. इथं बसणाऱ्यालाच सगळं नीट ऐकू येणार."

"आणि बाकीच्यांनी?"

"स्टुडिओत एकच माणूस ऐकत असतो गं."

"तिथं कॉफी नसते वाटतं," अक्का म्हणाल्या.

"आणि मुख्य म्हणजे या वरच्या घुमटीला बोट लावायचं नाही. पुसायलासुद्धा नाही. ऐकतेयस ना?"

अक्का ऐकत होत्या. पण मधल्या खुर्चीत कुणाला बसवायचं, हा त्यापेक्षा मोठा घोर त्यांना लागला होता. आपल्याला बसवलं नाही म्हणून या मंडळींत रुसणारे किती निघतील, ते हर्षिताला काय माहीत!

*

बुधवारी आयुधपूजा. सकाळपासून दृष्ट काढायला रस्त्यात कोहळे फुटत होते आणि रिक्षा केळीचे खुंट बांधून नवरदेवासारख्या हिंडत होत्या. भीमाचार्य पंचपात्र आणि गंधाची वाटी घेऊन दरवर्षीप्रमाणे आले. शिलाईयंत्र, मिक्सर, विळी आणि शेवटी रेडिओग्राम, अशी त्यांची पूजेची ठरलेली वाट. या खेपेला ते नव्या जोडीसमोर थांबले.

"हे? ही बिस्किटांची खोकी?"

"उद्या ऐका, मग बोला."

"एवढ्याशा तोंडातून केवढं गाणं निघणार, अक्का? अजून सांगतो, उद्या सगळ्यांना आमच्याकडे वळवतो. इथं फसलं म्हणून लोकांना दोन दोन घरं चढायला नकोत."

"आधी पूजा करा, भीमण्णा. कॉफी ठेवते," म्हणून अक्का आत गेल्या.

रेडिओग्रामला गंध लागायचं ते त्याच्या लाकडी कपाळावर. इतकी वर्षं तिथं बोट दाबून दाबून एक पिवळट डाग पडला होता. या नव्या खोक्यांना कपाळ कुठलं? भीमाचार्यांनी चष्मा वर केला, खाली केला. वर मधोमध गोल, गुळगुळीत, जरा फुगीर अशी ती घुमटी त्यांना दिसली आणि शंका फिटली. त्यांनी अनामिका गंधात बुडवली, मंत्र म्हटला आणि उजव्या स्पीकरला भक्तिभावानं टिळा लावला. टिळा चांगला ठसठशीत उठावा म्हणून जरा दाबलं.

अक्का डिकॉक्शनमध्ये दूध घालत होत्या. बाहेरून आवाज आला, "अक्का... याचं कपाळ आत गेलं."

त्या धावत आल्या. एका स्पीकरची घुमटी गोल, दुसऱ्याची मात्र बशीसारखी आत, आणि त्या खळग्यात चंदन. भीमाचार्य बोट तसंच वर धरून उभे होते.

"मी काही नाही केलं. फक्त पूजा केली."

"तेच तर केलंत!"

हर्षिताला व्हिडिओ फोन लावला. तिनं चित्र बघितलं आणि आधी "अय्यो आत्या!" म्हणून किंचाळली. मग म्हणाली, "रेशमाची आहे, तर येईल बाहेर. चिकटपट्टी आहे? हलकेच लाव आणि सरळ ओढ. दाबू नका. भीममामा, तुम्ही हात लावू नका!"

"लावत नाही गं," भीमाचार्य म्हणाले, पण बॅटरी मात्र त्यांनीच धरली. अक्कांनी पट्टी लावली, ओढली. नुसतं चंदन निघून आलं. पुन्हा लावली. उरलंसुरलं गंध आलं. अक्कांनी ती पट्टी फेकून दिली. उद्या संध्याकाळी लोक यायचे आणि हा एका डोळ्यानं आंधळा झालेला!

"हे मुद्दाम तर नाही ना केलंत, भीमण्णा?"

भीमाचार्यांचा चेहरा पडला. बॅटरीचा उजेड खाली आला. "अक्का, भांडेन तुमच्याशी. पण पूजेत लबाडी नाही करणार."

ते खरं होतं, आणि अक्कांना ते माहीत होतं. त्यांनी तिसरी पट्टी लावली, श्वास धरला आणि ओढली. टप्! घुमटी बाहेर आली. एक बारीकशी सुरकुती तेवढी राहिली.

"सुरकुती का?" भीमाचार्यांनी भीत भीत विचारलं.

"आपल्या वयात बसली आता ती," अक्का म्हणाल्या. "कॉफी घ्या. निवली."

*

दसऱ्याला सगळे आले. शमीची पानं दिली-घेतली, आणि जो तो मधल्या खुर्चीकडे बघून दुसऱ्याला "तुम्ही बसा" म्हणत राहिला. शेवटी ती रिकामीच राहिली. भीमाचार्य उजव्या स्पीकरपासून शक्य तितके लांब जाऊन बसले होते. घर बदलण्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं.

पूरिया सुरू झाला. खरखर आली, तानपुरा आला, फॅन टक् टक् करत आला, आणि मग बाई आल्या. रेडिओग्राममध्ये त्या भिंतीपलीकडून गात. आज समोर बसून गात होत्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि बांगडी मांडीवर टेकलेली कळत होती. कुणी हललं नाही. अक्का दाराशी, त्यांच्या ठरलेल्या जागी उभ्या होत्या. जिंकलो, असं त्यांच्या मनात यायला आणि आलाप थांबायला एकच गाठ पडली.

त्या थांब्यात, अगदी जवळून, एका बाईचा कुजबुजता आवाज आला.

"अहो, विचारा की त्यांना. एखादा गुरुवार आपल्याकडे घ्या म्हणावं. इथली कॉफी म्हणजे नुसतं चिकोरीचं पाणी!"

आणि एक तरुण, घाबरलेला पुरुषी आवाज, "श्श! टेप चालू आहे."

आलाप पुन्हा सुरू झाला, पण इकडे हॉलमध्ये न बोलण्याचा नियम मोडला. कुणी फिसकन हसलं, कुणाला ठसका लागला. टेपरेकॉर्डर तेव्हा बायकांच्या बाजूला, पुरुषांच्या रांगेलगत ठेवला होता, हे अक्कांना आठवलं. त्यांनी हर्षिताला खूण करून गाणं थांबवलं. कंबरेवर हात ठेवला.

"भागक्का!" त्या म्हणाल्या. "माझी कॉफी चिकोरीचं पाणी? आणि दर गुरुवारी दोन दोन कप प्यायचीस ती!"

सगळे मोकळेपणी हसले. भीमाचार्य तेवढे हसले नाहीत. भागुबाई, त्यांची बायको, जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. ते खुर्चीच्या कडेला आले होते आणि स्पीकरकडे नाही, दोन स्पीकरांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघत होते.

"ते..." त्यांनी घसा साफ केला. "ते जरा परत लावता का?"

हसू ओसरलं. अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. भिंती हलवणारा साउंडबार, रामनवमीचं पानक, पुढची बैठक आमच्याकडे... या माणसाच्या घरातही कुकरच बोलत असणार, हे त्यांच्या इतक्या दिवसांत लक्षात आलं नव्हतं.

"तिथून नीट ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "इकडे या. मधल्या खुर्चीत बसा."

भीमाचार्य येऊन बसले. हर्षितानं मागे नेऊन पुन्हा लावलं. अहो, विचारा की त्यांना. भरल्या घरादेखत अक्कांच्या कॉफीचा पुन्हा एकदा उद्धार झाला. भीमाचार्यांनी वळून बघितलं.

"अजून एकदा?" अक्कांनी विचारलं. "लाव गं. माझी कॉफी काय, सोसेल अजून."

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर भीमाचार्यांनी उपरण्यानं चष्मा पुसला. "तिनं सांगितलं होतं विचारा म्हणून. मी कधी नीट विचारलंच नाही. नुसताच ओढून न्यायला बघत होतो. तर... अक्का, एखादा गुरुवार आमच्याकडे?"

अक्कांनी कोपऱ्यातल्या मेलेल्या रेडिओग्रामकडे बघितलं, मग तिपायांवरच्या बुटक्या जोडीकडे. दोन कापडी पिशव्यांत मावेल एवढी होती ती. नेता येईल तशी आणताही येईल.

"येत्या गुरुवारी तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "स्पीकर मी घेऊन येणार आणि उठताना परत घेऊन जाणार. रामनवमीसारखं करायचं नाही. लाटण्याला टीव्हीखालून उठू द्यायचं नाही. आणि गंध लावायचं तर खोक्याच्या पाठीला."

"सरी, सरी. आणि कॉफी?"

"कॉफी तुमची," अक्का ट्रे उचलत म्हणाल्या. "बघू तरी, भागक्काच्या घरी चिकोरी किती घालतात ती."