रक्त वाढायची गोळी

महाडच्या डॉक्टर विनीता बारा वर्षं सेजलला तपासत आल्या, पण बोलल्या कायम तिच्या आईशी. येसूबाई आधी पोरीला बाहेर काचेच्या पेटीतले मासे बघायला पाठवायची आणि मग दार लोटून फेफऱ्याचं बोलायची. डॉक्टरबाईंनीही ते चालवून घेतलं. लहान मुलांच्या दवाखान्यात आईशी बोललं की काम भागतं.

सेजलला अठरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा मात्र बाई म्हणाल्या, "येसूबाई, आता तिला माझ्याकडे आणायचं नाही. मोठ्यांचे मेंदूचे डॉक्टर महिन्यातून एकदा महाडला येतात, त्यांना चिठ्ठी लिहून दिलीय. पुढच्या खेपेला जा. त्याआधी दोन कामं करा. गोळ्या तिच्या हातात द्या आणि तिला काय आजार आहे ते तिला सांगा. ते तिलाच विचारतील, तुम्हाला नाही."

"होय बाई," येसूबाई म्हणाली, आणि त्यातलं एकच काम तिनं केलं.

दुसरं तिच्याच्यानं होईना. सहाव्या वर्षी पहिलं फेफरं आलं तेव्हापासून तिनं पोरीला सांगितलं होतं, तुझ्या अंगात रक्त कमी म्हणून भोवळ येते, ही रक्त वाढायची गोळी. कडू लागते म्हणून सेजल थुंकायची, तर नाचणीच्या लाडवात दडवून भरवायची. नवरा भागोजी मुंबईला, त्यालाही ती चक्करच म्हणून सांगे. आता तर शिवथरचं स्थळ जमलं होतं, वैशाखातली तारीख धरली होती. येसूबाईला नावं ठेवणाऱ्यानं आधी लग्नाची पोर घेऊन कुडपणसारख्या गावात राहून बघावं. चिठ्ठी तिनं ट्रंकेत साडीच्या घडीत घातली. लग्न होऊ दे, मग बघू.

गोळ्यांचं पाकीट तेवढं सेजलच्या हातात दिलं. "सकाळ-रात एकेक. इसरायची नाय."

"आता माझ्याकडं कशाला गो, आय?"

"सासरी काय मी येनार हाय द्यायला?"

सेजल लाजून हसली. तीन वर्षांत तिला एकदाही फेफरं आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात गावची आशा सेविका आवडी हिनं शाळेत बायकांचं रक्त तपासायचं शिबिर ठेवलं. येसूबाई बोट टोचून घेऊन आधीच परतली; सेजल मागून नाचतच घरी आली. "आय, माझं बारा आलं! आवडीताय म्हनली, गावात कुनाचं नाय एवढं. आनि तुझं सात."

 सांगायची वेळ होती ती. पण येसूबाई म्हणाली, "गोळीनंच वाढलं ना? मग घेत ऱ्हा."

"आनि तू? आवडीतायनं दिलेल्या तू घेत नायस."

"मला नाय सोसत. मळमळतं."

 दुसऱ्या दिवशी सेजलनं नाचणीचे लाडू वळले आणि रोज सकाळ-रात्र एक आईच्या हातावर ठेवू लागली. समोर उभी राहून म्हणायची, "आख्खा खा. तुझ्या अंगात काय ऱ्हायलं नाय."

"कडसर लागतो गो."

"गूळ जुना हाय."

लग्नाच्या आधीच पोर आपली आई झाली, याचं येसूबाईला भारी कौतुक वाटलं. त्या कौतुकात मोठ्या डॉक्टरांचा दिवस निघून गेला. तिचं अंगही जड पडायला लागलं होतं. उभी राहिली की घेरी यायची, दुपारी डोळा उघडत नसे. लग्नाची दगदग, दुसरं काय, असं ती म्हणायची.

सेजलला पाण्यावर एकटीला पाठवायचं नाही, हा तिचा बारा वर्षांचा नेम. काहीतरी निमित्त काढून ती मागोमाग वहाळावर जायचीच. त्या दुपारी सेजलनं धुण्याची बादली उचलली तेव्हा येसूबाईला उठवेना.

"तू नीज. मी येते जाऊन," सेजल म्हणाली.

वहाळावर आलेल्या बायकांना सेजल सापडली तेव्हा ती पाण्यात पालथी होती. पाणी गुडघाभरसुद्धा नव्हतं. गाव म्हणालं, पाय घसरला.

सेजलचा दहावा झाल्यावर आवडी आली आणि ओट्यावर बसून रडायला लागली. "काकी, पोरीचं काळीज केवढं हो! शिबिरात मला इचारत व्हती, माझं तर बारा हाय, माझी रक्ताची गोळी आता आयला दिली तर चालंल काय, ती दुसऱ्या घेत नाय. मी म्हनलं, चालंल की, रक्ताची गोळी सगळ्यांना सारखीच. तुमच्यासाठी झुरत व्हती ती."

येसूबाई उठली. फळीवरचा डबा काढला. तळाशी दोन लाडू उरले होते. तिनं एक फोडला. आत पांढरी गोळी होती, सहा वर्षांच्या सेजलला भरवताना ती स्वतः घालायची तशीच, अगदी मधोमध. दुसऱ्यातही होती.

"काय हाय ते, काकी?"

 भिंतीला टेकून ती खाली बसली.

"तिला फेफरं यायचं गो," ती म्हणाली. बारा वर्षांत कुडपणात हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला, आणि जिला तो सांगायचा होता ती घरात नव्हती.