सहा फुल्यांची थाप

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण असं आजवर कुठल्याच संगणकावर घडलं नसेल, असं म्हणत मामांनी खुर्ची पुढे ओढली. रक्ततपासणीच्या त्या प्रयोगशाळेचा प्रोग्राम त्यांनी सी भाषेत एकहाती लिहिलेला. भाची तिथंच कामाला, म्हणून ते सगळ्यांचेच मामा.

आदल्या दिवशी एका शिक्षिकेच्या पाकिटात एका सुताराचा अहवाल गेला होता, आणि तिचा त्याच्या. तिची गोळी बंद झाली, त्याला नको ती सुरू झाली. प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंना एवढंच कळायला हवं होतं: हे एकदाच झालं, की आणखी कितीजणांचं?

मामांनी तिखटमीठ लावायला घेतलं. प्रत्येक अहवालासाठी प्रोग्राम एक तात्पुरती डिरेक्टरी, म्हणजे आकडे ठेवायचा कप्पा, करतो, काम झालं की पुसतो. कप्प्याच्या नावाच्या शेवटी सहा फुल्या, म्हणजे इंग्रजी एक्स, लिहून द्यायच्या; त्यांच्या जागी सिस्टिम अक्षरं भरते. साडेपाच हजार कोटींहून जास्त नावं निघतात! आणि काल रक्त तपासणाऱ्या आपल्या दोन यंत्रांना एकाच क्षणी नेमकं एकच नाव मिळालं. समुद्रात फेकलेला वाटाणा आपल्याच ताटात यावा, तसं. पुन्हा हजार वर्षांत व्हायचं नाही.

बाईंचा चेहरा सैल झाला. खरं काय ते मात्र मामांनाच ठाऊक होतं. फुल्यांचे लाड त्यांनी कधी केलेच नव्हते; नाव घड्याळातल्या सेकंदावरून पाडलं होतं. यंत्र एक होतं तोवर निभावलं. तीन महिन्यांपूर्वी त्याच संगणकाला दुसरं जोडलं, आणि एका सेकंदात दोघांचं काम आलं की दोघांचे आकडे एकाच डिरेक्टरीत. हे कबूल करायचं म्हणजे पंधरा वर्षं मिरवलेलं नाक आपल्याच हातानं कापायचं.

मग जुने अहवाल उकरायला नकोत ना, असं बाईंनी विचारलं. मामांनी होकारार्थी मान हलवली खरी, पण तो सुतार काही डोळ्यांपुढून हलेना. असे आणखी कितीजण नको त्या गोळ्या गिळत असतील?

भाची दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती.

"मामा, ते फुल्यांवालं फंक्शन नुसतं नाव सुचवत नाही. डिरेक्टरीही तेच बनवतं, आणि त्या नावाची आधीच असेल तर दुसरं नाव घेतं. एक नाव दोघांना देणं त्याला जमतच नाही. तुम्ही ते वापरलेलंच नाही. थापा मारताय. बाई, दुसरं यंत्र आल्यापासूनचे सगळे अहवाल बाहेर काढा."